हौस म्हणू नका!

तर मंडळी, बातमी तुमच्यापैकी बर्‍याच जणांपर्यंत पोचली आहेच (आमच्या आत्याला सांगितलं की वेगळं पत्रक काढावं लागत नाही). गेल्या सप्टेंबरपासून मी इथे न्यू जर्सीत एका क्राफ्टच्या दुकानात केक सजवायला शिकवते. अर्धवेळ. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि शनिवारची सकाळ. लोकर, मण्यांच्या माळा, खोटी फुलं आणि फोटोफ्रेम यांच्या मागे एक काचेची खोली आहे, तिच्यात सहा टेबलं, एक बेसिन आणि मी.

बातमी कळल्यावर फोन आले, मेसेज आले, कौतुकही झालं. सगळ्यांचे आभार. पण त्या कौतुकात एक शब्द इतक्या वेळा आला की शेवटी लिहायलाच बसले. तो शब्द म्हणजे 'हौस'. "छान आहे हो तुझी हौस." "हौसेला मोल नसतं बघ." "बरं झालं, मुलं मोठी झाली, आता काहीतरी हौस हवीच." एका काकांनी तर थेट विचारलं, "म्हणजे नोकरी वगैरे शोधणं सोडलंस का?"

काका, ही नोकरीच आहे. पगारपत्रक येतं, टॅक्स कापला जातो, उशीर झाला तर बोलणी बसतात. याहून नोकरी ती कशी असते?

मला 'हौस' या शब्दाचा राग नाही. माझा राग आहे तो या शब्दाच्या वापरावर. बाईने हाताने केलेल्या सुंदर कामाला हौस म्हटलं की तीन गोष्टी आपोआप होतात. त्यात शिकण्यासारखं काही नाही असं ठरतं, त्याचे पैसे मागणं वाईट दिसतं, आणि त्या कामाची जबाबदारी कुणीच गांभीर्याने घेत नाही. या तिन्ही गोष्टी मी गेले काही महिने रोज बघते आहे. म्हणून एकेक घेऊन भांडते. :)

पहिली गोष्ट, शिकण्याची.

माझ्या वर्गात पहिल्या दिवशी दहापैकी सात जणी (आणि एखादा जण) एकच वाक्य म्हणतात, "माझ्या हातात कलाच नाही हो." हे वाक्य इंग्रजीत म्हणा, स्पॅनिशमध्ये म्हणा नाहीतर गुजरातीत, सूर तोच. मी त्यांना सांगते की मी कला शिकवतच नाही. मी तीन गोष्टी शिकवते. आयसिंग किती घट्ट हवं, पिशवी किती अंशात धरायची, आणि दाब कधी द्यायचा नि कधी सोडायचा. बस्स.

आता बघा. गुलाबासाठी आयसिंग घट्ट लागतं, नाहीतर पाकळ्या मान टाकतात. काठाच्या नक्षीला मध्यम लागतं. नाव लिहायला आणि पानं काढायला पातळ, नाहीतर रेघ मध्येच तुटते. घट्टाचं मध्यम करायला वाटीभर आयसिंगला चमचाभर पाणी, एवढाच खेळ असतो. चांदणी किंवा ठिपका काढताना पिशवी सरळ उभी, ९० अंशात. शिंपल्यांची माळ काढताना तिरपी, ४५ अंशात. आणि प्रत्येक वेळी आधी दाब थांबवायचा, मग हात उचलायचा. नवशिके नेमकं उलटं करतात, म्हणून प्रत्येक ठिपक्याला शेंडी येते.

चकल्या पाडलेल्या कुणाही बाईला यात नवीन काय आहे? भाजणी घट्ट झाली की चकली तुटते, सैल झाली की काटे येत नाहीत. सोर्‍या उंच धरला की वेटोळं वाकडं पडतं. आणि मेंदीचा कोन? पायपिंगच्या पिशवीचा तो सख्खा भाऊ. माझ्या वर्गात एक हैदराबादची मुलगी आहे, लग्नांत मेंदी काढायची. पहिल्याच तासाला तिने १०४ नंबरचं नोझल हातात घेतलं आणि अर्ध्या तासात तिचा गुलाब उमलला. बाकीच्या बघत राहिल्या. "गॉड गिफ्टेड" असं कुणीतरी म्हणालं. देवाने काही दिलेलं नव्हतं, तिने शेकडो तळहात रंगवले होते.

गुलाबाची रीत तर पाढ्यासारखी आहे. खिळ्यासारखा एक चपटा ठोकळा असतो, तो डाव्या हाताच्या बोटांत फिरवायचा. मध्ये कळी, तिच्याभोवती ३ पाकळ्या, मग ५, मग ७. नोझलचं रुंद टोक खाली, निमुळतं वर. पहिले वीस गुलाब कोबीसारखे दिसतात. मी हे आधीच सांगून ठेवते, त्यामुळे कुणी रडत नाही. विसाव्यानंतर हाताला कळायला लागतं.

हे असं पायरी पायरीने शिकवण्याची पद्धत कुणीतरी बसवली आहे, आभाळातून पडलेली नाही. अमेरिकेत शिकागोमध्ये विल्टन नावाच्या मिठाईवाल्याने १९२९ साली साखरकाम शिकवायला सुरुवात केली. त्याच घराण्याच्या नावाची पद्धत पुढे देशभरच्या क्राफ्टच्या दुकानांतून शिकवली गेली. जोसेफ लॅम्बेथने १९३४ मध्ये याच विषयावर जाडजूड ग्रंथ लिहिला. केकवर कमानी, झालरी, थरावर थर अशी जी नक्षी सध्या पुन्हा सगळीकडे दिसते, तिला त्याच्या नावाने ओळखतात. म्हणजे पुरुषांनी हे काम व्यवसाय म्हणून केलं तेव्हा त्याचे ग्रंथ झाले, पद्धती झाल्या. तेच काम बाईने स्वयंपाकघरात केलं की 'हात छान आहे हं तुझा'.

आपल्याकडेही हेच. आपल्या आज्यांनी अंदाजपंचे घातलेल्या मिठाचं आपण केवढं कौतुक करतो! पण १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं आणि वाटी-चमच्याच्या मापात स्वयंपाक सांगितला गेला, तेव्हा घरापासून दूर पडलेल्या किती मुलींचे हाल वाचले! त्यांच्या आईच्या हातात जादू होती, पण जादू पोस्टाने पाठवता येत नाही. माप पाठवता येतं. जे मापात सांगता येतं ते शिकवता येतं, आणि जे शिकवता येतं ती विद्या. हौस नव्हे.

"पण एवढं शिकून केक?" हा प्रश्न मला आडून आडून आणि सरळसुद्धा विचारला गेला. (मावशी, तुझं नाव घेत नाही.) मी केमिस्ट्रीत बी.एस्सी. केलं, पुण्यात एका कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये सहा वर्षं काढली, आणि मग नवर्‍याच्या मागोमाग इथे आले. तेव्हा एच-४ व्हिसावर आलेल्या बायकोला काम करायची परवानगीच नव्हती. मे २०१५ पासून त्यातल्या काही जणींना, म्हणजे ज्यांच्या नवर्‍यांचं ग्रीन कार्डचं काम एका टप्प्याच्या पुढे गेलंय त्यांना, अर्ज करून ती मिळायला लागली. त्याआधीच्या वर्षांत माझ्यासारख्या किती जणींनी पदव्या ट्रंकेत ठेवून केक, रांगोळ्या, शिवणकाम केलं त्याची गणती नाही. त्यांनी तेव्हा जे केलं त्याला हौस म्हणायची सोय होती, कारण काम म्हणायला कायद्याने मनाई होती! आता कायदा बदलला, शब्द बदलायला काय हरकत आहे?

आणि पदवी काही वाया गेलेली नाही. आयसिंग शुगरमध्ये कॉर्नस्टार्च का असतो, लोणी कितव्या मिनिटाला हार मानतं, लिंबाचे दोन थेंब पडले की जांभळा रंग गुलाबीकडे का झुकतो, हे मी वर्गात सांगते तेव्हा लोक पेन काढतात. शॉर्टनिंगचंच घ्या. आपल्या डालड्याची ही अमेरिकन बहीण. २००७ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी त्यातून ट्रान्स फॅट काढायला सुरुवात केली, पुढे २०१५ मध्ये सरकारने अशा तेलांविरुद्ध निर्णय दिला आणि २०१८ पासून ती बंद व्हायला लागली. हृदयासाठी उत्तम झालं. पण जुन्या कृतीने केलेलं आयसिंग पूर्वीसारखं ताठ राहीना, उन्हाळ्यात घामेजायला लागलं. वर्गात एक सत्तरीच्या आजी होत्या, त्यांना वाटत होतं की वयामुळे आपला हात गेला. हात नव्हता गेला, डब्यातला पदार्थ बदलला होता! हे कळल्यावर त्यांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही.

आता दुसरी गोष्ट. पैसे. (इथे काही वाचक खुर्चीत सावरून बसतील.)

मला वर्गाच्या दर तासाला २२ डॉलर मिळतात. ऐकायला बरं वाटतं. वर्ग दोन तासांचा, म्हणजे ४४ डॉलर. पण दोन तासांचा वर्ग दोन तासांत होत नाही, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. आधी पाऊण तास टेबलं पुसा, पिशव्या भरा, नोझलं मोजा. नंतर पाऊण तास आवराआवर, कारण शॉर्टनिंगचा हात लागलेलं बेसिन गरम पाण्याशिवाय साफ होत नाही. घरी तासभर आयसिंग घोटणं, रंग कालवणं. झाले साडेचार तास. ४४ भागिले साडेचार म्हणजे पावणेदहा डॉलरच्या आसपास. येण्याजाण्याचा वेळ आणि पेट्रोल यात धरलेलं नाही. या राज्यात किमान वेतन २०२४ पासूनच ताशी १५ डॉलरच्या वर आहे. शेजारच्या काउंटरवर उभं राहणार्‍या कॉलेजच्या पोराला माझ्यापेक्षा जास्त पडतात. आणि पडावेतच. मला त्याचे कमी करायचे नाहीत, माझे पूर्ण करायचे आहेत.

मी मॅनेजरबाईंकडे गेले. कागदावर हिशेब मांडून नेला होता (क्वालिटी कंट्रोलची सवय!). बाई वाईट नाहीत, त्यांनाही वरून बजेट येतं. त्या गोड हसून म्हणाल्या की आमच्या बहुतेक शिक्षिका हे प्रेमापोटी करतात.

हे वाक्य ऐकलं आणि मला वाटलं, अरेच्चा, हिला मराठी येतं की काय? हा तर आपलाच 'हौसेला मोल नसतं'चा अमेरिकन अवतार!

जरा विचार करा. दुकानाच्या हीटिंगचं बिल भरणारी कंपनी प्रेमापोटी सूट देते का? नोझलांचा डबा प्रेमापोटी स्वस्त होतो का? भाडं, वीज, माल, सगळ्यांचे पैसे रोख. प्रेम फक्त एकाच खात्यातून वळतं होतं, शिकवणार्‍या बाईच्या. म्हणजे मला माझं काम आवडतं या गोष्टीचा मला दंड बसतो. जिला काम आवडत नाही तिला पूर्ण पगार आणि जिला आवडतं तिला पावणेदहा. मग काम आवडून घ्यायचंच कशाला?

मी त्यांना एवढंच सांगितलं की मला काम आवडतं, ते माझं मी बघते. तुम्ही वेळ बघा. अमेरिकेचा १९३८ चा कामगार कायदा सरळ आहे. नोकरीवरच्या माणसाला तुम्ही काम करू दिलंत, तर त्या वेळेचे पैसे द्यायचे. मग ते आयसिंग घोटणं असो की लोखंड वितळवणं. आणि पुढच्या वर्गापासून मी घरून आयसिंग नेणं बंद केलं. दुकानात येऊन, घड्याळात हजेरी लावून, तिथेच घोटायला बसले. तीन आठवडे कुरबुर झाली. आता तयारीचा एक तास पगारात धरतात. आवराआवरीचा पाऊण तास अजून अडकला आहे. तोही सुटेल, मी चिवट आहे.

हे मी शौर्यकथा म्हणून सांगत नाहीये. दुसर्‍या शाखेत शिकवणार्‍या दोघीतिघींना मी हे सांगितलं, तेव्हा एक म्हणाली, "अगं, मागायचं कसं? लाज वाटते." ती चाळीस वर्षांची अमेरिकन बाई. म्हणजे ही लाज फक्त आपली नाही. पण आपल्याकडे तिला फार जुनी पाळंमुळं आहेत एवढं खरं.

रुखवत आठवा. मखर, विणलेले रुमाल, साखरेची फळं, सातूच्या पिठाचे डोंगर, चिरोट्यांचे थर. मुलीच्या आई-मावश्या-काकू महिनाभर रात्री जागतात. लग्नाच्या दिवशी टेबलाभोवती बायका जमतात, "कुणी केलंय गं?" म्हणतात, एखादी सुपारीचा भटजी उचलून बघते, आणि दुपारी तीनपर्यंत सगळं खोक्यात. कार्यालयवाल्याला पैसे, बँडवाल्याला पैसे, फुलवाल्याला पैसे, आचार्‍याला पैसे. रुखवत मात्र हौसेचं! मी रुखवताच्या विरुद्ध नाही. आजही चांगलं रुखवत दिसलं की तासभर हलत नाही. पण त्या कष्टांना किंमत नाही हे आपण त्या टेबलाभोवतीच शिकलो, हे विसरता येत नाही.

याच्या उलट गिरगावचं उदाहरण घ्या. १९५९ साली सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. तेच लिज्जत. पापड तर घरोघरी लाटले जात होतेच, उन्हाळ्यात, गप्पा मारत, हौसेने. फरक एवढाच की या सात जणींनी हिशेबाची वही ठेवली. पुढे १९७५ मध्ये मुंबईत प्रेमा पुरव यांनी गिरणी कामगारांना डबे घालणार्‍या खाणावळवाल्या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. त्या बायका वर्षानुवर्षं रांधतच होत्या, पण बँकेच्या लेखी त्या काहीच करत नव्हत्या. काम मोजलं गेलं तेव्हा त्यांना कर्ज मिळालं. पापड आणि भाजी-भाकरी मोजता येते, तर बटरक्रीमचा गुलाब का नाही?

आणि हे फक्त माझ्या पावणेदहा डॉलरपुरतं नाही. घरी भाजलेलं विकायला न्यू जर्सीने परवानगी दिली ती २०२१ च्या ऑक्टोबरात. सगळ्या राज्यांत शेवटी. त्याआधी घरच्या ओव्हनमधला केक विकणं इथे बेकायदा होतं. आता परवाना काढून वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंत विक्री करता येते. माझ्या वर्गातल्या दोघी त्यासाठीच आल्या आहेत. एकीचा घटस्फोट चालू आहे, दुसरीच्या नवर्‍याची नोकरी गेली. फ्रिजमध्ये ठेवावं लागेल असं काही या परवान्यावर विकता येत नाही, त्यामुळे कुठलं आयसिंग बाहेर टिकतं आणि कुठलं नाही हा त्यांच्यासाठी पोटापाण्याचा प्रश्न आहे. या बायकांना मी 'हौस म्हणून जमेल तसं करा' असं शिकवू?

इथे तिसरी गोष्ट येते, जबाबदारीची. आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

केकवर टाकायच्या चमकीबद्दल बोलते. डबीत सोनेरी, रुपेरी, मोरपंखी पूड मिळते. केकवर झटकली की केक दागिन्यासारखा दिसतो. काही डब्यांवर 'खाण्यायोग्य' असं लिहिलेलं असतं आणि मागे घटकांची यादी असते. काहींवर नुसतं 'नॉन-टॉक्सिक' लिहितात. बहुतेकांना दोन्हीचा अर्थ एकच वाटतो. तो एक नाही! नॉन-टॉक्सिक पूड ही खाण्यासाठी बनवलेली असेलच असं नाही. अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने २०१८ च्या डिसेंबरात याबद्दल इशारा दिला होता. २०२१ मध्ये इथल्या रोगनियंत्रण संस्थेने ऱ्होड आयलंड आणि मिसूरीतल्या घटना प्रसिद्ध केल्या. वाढदिवसाचा केक खाऊन मुलं आजारी पडली होती, एका ठिकाणी त्या पुडीत तांबं सापडलं, दुसर्‍या ठिकाणी शिसं. वाढदिवसाच्या केकमध्ये शिसं, मंडळी!

वर्गाच्या शेवटी मुलींना दुकानात फिरवून सामान 'सुचवायचं', अशी माझ्याकडून अपेक्षा असते. सुचवते की. चांगली पिशवी, दोन चपटे चाकू, फिरतं टेबल, जरूर सुचवते. पण मी प्रत्येक बॅचला त्या चमकीच्या रांगेसमोर उभं करून डबी उलटी करून वाचायला लावते. घटकांची यादी नसेल आणि 'खाण्यायोग्य' हा शब्द नसेल, तर ती कागदी फुलांसाठी, केकसाठी नाही. मला एकदा हळूच सांगितलं गेलं की याने गिर्‍हाईक घाबरतं. घाबरू दे की! चार वर्षांच्या मुलाचा केक आहे तो. मी विकायला उभी नाही, शिकवायला उभी आहे. शिक्षकाला शिक्षक मानलं, त्याचा वेळ मोजला, तर तो डबी उलटी करायला वेळ काढतो. त्याला हौशी मानलं की तोही म्हणतो, जाऊ दे, सुंदर दिसतंय ना, पुरे.

आता तुमच्या बाजूने बोलते, नाहीतर म्हणाल की ही एकटीच बडबडते.

"फुकट काही करायचंच नाही का?" करायचं की. मंडळाच्या गणपतीला मी गेल्या वर्षी मोदकाच्या आकाराचा केक केला, एक पैसा घेतला नाही, यंदाही घेणार नाही. पण ते मी दिलं. देणं आणि गृहीत धरलं जाणं यात फरक आहे. दान देणार्‍याला आधी आपल्या हातात काय आहे ते माहीत असावं लागतं. त्या केकला अकरा तास लागले, हे मी मोजलंय. आणि मंडळाच्या सजावटीचं, साउंडचं, जेवणाचं बिल लागतं तेव्हा 'हौसेने करा' असं कुणी म्हणत नाही, हेही मोजलंय.

"सगळ्यांनी पूर्ण पैसे मागितले तर वर्ग महाग होतील, मग गरिबाने शिकायचं कुठे?" हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. पण वर्गाच्या फीपेक्षा सामानाच्या पेटीचा खर्च जास्त जड पडतो, हे मी रोज बघते. पन्नास नोझलांची पेटी पहिल्या दिवशी कुणालाही लागत नाही. पाच नोझलं आणि पार्चमेंट कागदाचा घरी वळलेला कोन, एवढ्यावर पहिला महिना आरामात निघतो. मी ते वर्गात सांगते (दुकानाच्या पेटीचा खप त्याने वाढत नाही, काय करणार). स्वस्ताई करायचीच तर पेटीत करा. शिकवणारीच्या खिशात का?

"आता सगळं फोनवर फुकट दिसतं, वर्ग हवेत कशाला?" दिसतं, आणि मीही बघते. पण व्हिडिओ तुम्हाला बघत नाही. तुमचं मनगट आत वळलंय, पिशवी खांद्यातून दाबताय, उभं राहण्याऐवजी वाकताय, हे सांगायला शेजारी माणूस लागतो. २०२५ मध्ये जोअ‍ॅन ही १९४३ पासूनची कापड आणि क्राफ्टची दुकानांची साखळी दिवाळखोरीत गेली आणि देशभरातली तिची सगळी, आठशेच्या आसपास, दुकानं बंद झाली. बातम्या आल्या त्या कर्जाच्या, सेलच्या आणि रिकाम्या शेल्फांच्या. ज्या टेबलांवर अनोळखी बायका शेजारी बसून शिकायच्या ती टेबलंही गेली, त्याबद्दल दोन ओळी कमीच वाचल्या. अशा जागा उरल्या आहेत तोवर तिथे शिकवणारी माणसं टिकली पाहिजेत, आणि पावणेदहा डॉलरवर फार दिवस कुणी टिकत नाही.

असो. फार लांबलं. पण वाचणार्‍यांत माझे बरेच नातेवाईक आहेत, म्हणून जाता जाता तीन मागण्या मांडते. (मोर्चा काढलेला नाही, घाबरू नका.)

एक, कुणी स्वतः केलेला केक, शिवलेला फ्रॉक, विणलेला स्वेटर दाखवला, तर "किती गोड!" म्हणा, पण त्यानंतर "किती वेळ लागला?" असंही विचारा. उत्तर ऐकून घ्या. त्या एका प्रश्नाने समोरचीला स्वतःच्या तासांची जाणीव होते.

दोन, "सामानाचे पैसे देते गं, तू फक्त करून दे" हे वाक्य कायमचं बंद करा. मैदा, साखर आणि लोणी कुठल्याही दुकानात मिळतं. तुम्हाला हवं आहे ते सामान नाही, 'फक्त' या शब्दामागे लपलेलं काम हवं आहे.

तीन, घरातल्या मुलीने असं काही शिकवायचं, विकायचं ठरवलं, तर तिला "हौस आहे तर कर" असं म्हणू नका. "दर काय लावलास?" असं विचारा. कमी लावला असेल तर रागवा.

सुमनमावशी, काका, आत्या, कुणी रागावू नका. तुम्ही सगळे मार्चमध्ये इकडे येताय, तेव्हा शनिवारच्या वर्गाला या, बसायला जागा करते. पहिले वीस गुलाब कोबीसारखे येतील. फी मात्र पूर्ण लागेल.